ड्रोनचा ताबा परक्या हाती द्यायचा, तर कोणाच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ड्रोनने लोकांच्या खिडक्यांत डोकावलं जातं, विमानतळाच्या आसपास कोणीतरी काहीतरी उडवतं, तुरुंगाच्या भिंतीपलीकडे मोबाइल टाकले जातात. मग चालवणाऱ्याच्या बोटाच्या ठशाशिवाय ड्रोन सुरूच होणार नाही आणि पोलिसांना एक बटण दाबून तो खाली उतरवता येईल, अशी सोय कारखान्यातच सक्तीची का करत नाहीत? गाडीला नंबरप्लेट असते, तशी ड्रोनलाही का नको? आणि २५० ग्रॅमपेक्षा हलक्या ड्रोनना सूट कशासाठी?

ड्रोनच्या उड्डाण नियंत्रकाचं सॉफ्टवेअर लिहिणं आणि रिमोटशी संपर्क तुटला की यंत्र नेमकं काय करतं हे तपासत बसणं, हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे तुमच्या प्रश्नात दोन निराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, हे लगेच जाणवलं. एक आहे ओळख: हा ड्रोन कोणाचा, कोण उडवतंय. दुसरा आहे ताबा: उडवणाऱ्याच्या हातातून तो काढून घेणं. ओळख स्वस्त आहे आणि ती हवीच, असं माझं मत आहे. ताबा मात्र फार अरुंद स्वरूपातच द्यावा. सरसकट ‘पोलिसांचं बटण’ प्रत्येक यंत्रात बसवलं, तर आज होणाऱ्या गैरवापरापेक्षा मोठा धोका आपणच तयार करू. हे मत ड्रोनचं वजन, जागा आणि त्या देशाचा कायदा यांप्रमाणे थोडं इकडेतिकडे सरकतं. ते जिथे सरकतं तिथे सांगेनच.

आधी ओळख. ‘पायलटची ओळख’ म्हणताना आपण तीन वेगवेगळ्या ओळखींबद्दल बोलत असतो: यंत्राचा क्रमांक, ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो मालक, आणि त्या क्षणी ज्याच्या हातात रिमोट आहे तो माणूस. घरच्या ड्रोनच्या बाबतीत शेवटचे दोघे बहुधा एकच असतात. सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीत, भाड्याने दिलेल्या यंत्रात किंवा प्रशिक्षण संस्थेत तसं नसतं. आजच्या बहुतेक कायद्यांनी पहिली ओळख पक्की केली आहे, दुसरी नोंदवहीवर सोपवली आहे आणि तिसरीसाठी एक पळवाट काढली आहे: माणूस कोण हे न सांगता तो कुठे उभा आहे एवढं सांगायचं.

याला रिमोट आयडी म्हणतात. ड्रोन उडत असताना वाय-फाय किंवा ब्लूटूथवरून सतत घोषणा करत राहतो: माझा क्रमांक हा, मी इथे, इतक्या उंचीवर, या दिशेला, या वेगाने, आणि माझा चालक तिथे. अमेरिकेच्या नियमानुसार हे सेकंदाला किमान एकदा झालं पाहिजे. तिथे पायलटांसाठी १६ सप्टेंबर २०२३ ही मुदत होती, प्रत्यक्षात १६ मार्च २०२४ पर्यंत सवलत मिळाली. युरोपात वर्गचिन्ह (सी-१ वगैरे) असलेल्या ड्रोनना हे १ जानेवारी २०२४ पासून लागू झालं. जुन्या ड्रोनवर वेगळं मॉड्यूल चिकटवायची मुभा अमेरिकेने दिली आहे, पण त्यात चालकाच्या जागेऐवजी ड्रोनने जिथून उड्डाण केलं ती जागा प्रसारित होते. म्हणजे उडवून दोनशे मीटर चालत गेलेला माणूस त्यात दिसत नाही.

भारताने याच्या आधीच एक कडक वाट धरून पाहिली होती. २०१८ च्या नियमावलीत ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ अशी कल्पना होती: डिजिटल सहीची परवानगी यंत्रात उतरवली नाही, तर मोटारी फिरायच्याच नाहीत. २०२१ च्या ड्रोन नियमांनी ती अट, थेट माग देणारा बीकन आणि जिओ-फेन्सिंग (बंद हद्दीत ड्रोनला शिरू न देणारं कुलूप) या तिन्ही गोष्टी भविष्यातल्या अधिसूचनेवर ठेवल्या आणि अधिसूचना निघाल्यावर किमान सहा महिन्यांची मुदत देण्याचं मान्य केलं. कारण समजण्यासारखं आहे. अशी अट कागदावर एका वाक्यात लिहिता येते. पण तिच्यामागे परवानगी देणारी यंत्रणा चोवीस तास जागी असावी लागते, नकाशे ताजे असावे लागतात आणि प्रत्येक उत्पादकाने ते कुलूप सारखंच बसवावं लागतं.

नंबरप्लेटची तुमची उपमा इथे बऱ्यापैकी लागू पडते, तिच्या दोषासकट. खोटी प्लेट लावता येते, तसा खोटा रिमोट आयडीही पाठवता येतो. मानक संदेशांमध्ये सही जोडण्याची तरतूद आहे, पण ती ऐच्छिक. त्यामुळे हाताच्या अंगठ्याएवढ्या साध्या वाय-फाय बोर्डावरून आकाशात नसलेले डझनभर ड्रोन ‘दाखवणं’ कोणत्याही हौशी प्रोग्रामरला जमतं. यावर इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या ड्रिप या कार्यगटाने चांगलं काम केलं आहे: ड्रोनचा क्रमांकच त्याच्या सार्वजनिक चावीपासून (सही पडताळायला कोणालाही देता येणाऱ्या आकड्यापासून) बनवायचा, म्हणजे संदेशावरची सही आणि क्रमांक एकमेकांशी पडताळता येतात. अडचण जागेची. जुन्या ब्लूटूथच्या एका प्रसारणात मजकुराला जेमतेम पंचवीस बाइट मिळतात आणि एक चांगली डिजिटल सही चौसष्ट बाइटची असते. मग तिचे तुकडे करून पाठवायचे आणि ऐकणाऱ्याने ते जुळवायचे. जमतं, पण गर्दीच्या ठिकाणी तुकडे हरवतात.

ठशाचं काय? रिमोटवर ठसा घ्यायला माझा विरोध नाही. कंपनीच्या ताफ्यात तो उपयोगी पडतो, कारण कोणत्या उड्डाणाला कोण जबाबदार होतं याची नोंद आपोआप राहते. पण दोन अटी घाला. पडताळणी मोटारी सुरू होण्याआधीच व्हावी, हवेत असताना कधीही नाही. ओल्या बोटामुळे रिमोटने मालकाला ओळखलं नाही म्हणून यंत्र आकाशात अडकलेलं कोणालाही परवडणार नाही. आणि पडताळणीला इंटरनेटची गरज नसावी. पूर आला, टॉवर पडले, शोधपथकाला ड्रोन उडवायचा आहे आणि रिमोट मात्र सर्व्हरची वाट बघत बसला आहे, ही स्थिती कल्पनेतली नाही. ज्या दिवशी ड्रोनची सगळ्यात जास्त गरज असते, त्याच दिवशी नेटवर्क नसतं.

ओळखीची दुसरी बाजू उडवणाऱ्याची सुरक्षितता. रिमोट आयडी आज मोबाइलवरच्या अ‍ॅपने कोणीही वाचू शकतो, आणि त्यात चालक कुठे उभा आहे हेही असतं. एखादी मुलगी एकटीने शेताचं सर्वेक्षण करत असेल, तर ती कुठल्या झाडाखाली उभी आहे हे जगाला कशासाठी कळायला हवं? यंत्राचा क्रमांक सर्वांना दिसावा, चालकाची जागा फक्त अधिकृत यंत्रणेला उलगडता यावी, असं मला वाटतं. विरुद्ध बाजूचे लोक म्हणतात की आपल्या घरावर घिरट्या घालणाऱ्याला शोधायचा हक्क नागरिकालाही हवा. त्यांचं म्हणणं मला पोकळ वाटत नाही, पण चिडलेला शेजारी थेट पायलटच्या अंगावर जाण्यापेक्षा त्याने क्रमांक नोंदवून तक्रार करावी, हे बरं. मात्र ‘फक्त यंत्रणेलाच दिसतं’ हा दावा तपासूनच स्वीकारा. ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय कंपनीच्या ड्रोनआयडी या अंगभूत प्रसारणाबद्दल बरेच दिवस समज होता की ते सांकेतिक स्वरूपात जातं. २०२३ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी ते उघडून दाखवलं: कसलंही कूटबंधन नव्हतं, चालकाची जागा सरळ वाचता येत होती.

आता ताबा. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पहिली गंमत म्हणजे ड्रोनचा ताबा घेता येतो, हे कोणी कायदा करण्याच्या आधीपासून सिद्ध झालेलं आहे, आणि ते करणारे पोलीस नव्हते. २०१३ मध्ये सॅमी कामकार या सुरक्षा संशोधकाने एका ड्रोनवर छोटा संगणक बसवला. तो आसपासच्या पॅरट कंपनीच्या ड्रोनचा मालकाशी असलेला वाय-फाय संपर्क तोडायचा आणि स्वतः मालक बनायचा. त्या ड्रोनचं वाय-फाय पासवर्डशिवाय उघडंच होतं. त्याच्या आदल्या वर्षी टेक्सास विद्यापीठातल्या टॉड हम्फ्रीज यांच्या गटाने व्हाइट सँड्सच्या वाळवंटात खोटे जीपीएस सिग्नल पाठवून एका ड्रोन हेलिकॉप्टरला तो वर चढतोय असं भासवलं. त्याने उंची राखायला खाली सूर मारला. नियंत्रण दुवा, म्हणजे रिमोटशी असलेला संपर्क, त्यांनी तोडला नव्हता, फक्त यंत्राची जगाबद्दलची समजूत बिघडवली होती.

या दोन प्रयोगांनंतर आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी काय केलं? दारं बंद करायला घेतली. दुव्यांना कूटबंधन आलं. मॅव्हलिंक या खुल्या संदेशपद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक संदेशाला सही जोडता येते, जुना संदेश पुन्हा पाठवला तर तो वेळेच्या शिक्क्यावरून नाकारला जातो. ती सुविधा अजूनही अनेक जण चालू करत नाहीत, हा भाग वेगळा. मुद्दा असा की परक्याला ताबा मिळू नये म्हणून आम्ही जी भिंत बांधतोय, तिलाच तुम्ही सरकारी दार पाडायला सांगताय. दार पाडता येतं. पण ते फक्त सरकारी माणसालाच ओळखेल, याची हमी चावी कशी सांभाळली जाते यावर आहे.

समजा लाखो ड्रोनसाठी एकच गुप्त चावी आहे आणि ती शेकडो पोलीस ठाण्यांत वाटली आहे. ती कधीतरी फुटणार. फुटली की ती बदलायची कशी? कपाटात वर्षभर पडून असलेल्या ड्रोनला नवी चावी मिळणार नाही. आणि ताबा इंटरनेटवरून, एखाद्या मध्यवर्ती सर्व्हरवरून घेता येत असेल, तर तो सर्व्हर ज्याच्या हाती लागेल त्याला देशभरातले ड्रोन एकाच मिनिटात खाली आणता येतील. फवारणी करणारे, पूल तपासणारे, रक्ताच्या पिशव्या नेणारे, सगळे. आज एखादा उपद्रवी माणूस एक ड्रोन उडवतो. त्या दिवशी एक उपद्रवी माणूस सगळेच्या सगळे पाडेल. सीमेपलीकडे गेलेल्या ड्रोनने कोणाची चावी मानायची, हा प्रश्न तर मी उघडतच नाही.

तरीही एखाद्या देशाने ठरवलंच की अशी सोय हवी, आणि काही ठिकाणी ती रास्तही आहे, तर मी ती कशी बांधेन ते सांगते.

गुप्त चावी ड्रोनमध्ये नसावीच. ड्रोनमध्ये फक्त पडताळणीची सार्वजनिक चावी, म्हणजे यंत्र उघडून कोणाच्या हाती काही लागत नाही. मूळ चावी नेटवर्कपासून तोडलेल्या ठिकाणी. प्रत्यक्ष जागेवरच्या पथकाला एका दिवसापुरतं, एका परिसरापुरतं प्रमाणपत्र. संध्याकाळी ते आपोआप मरतं, त्यामुळे चोरीला गेलं तरी रद्द करण्याची धावपळ नको. आदेश फक्त जवळून, रेडिओवर. गैरवापर करायचा तर माणसाला तिथे हजर राहावं लागेल आणि एका वेळी एकच परिसर त्याच्या टप्प्यात येईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आदेश त्या एका उड्डाणापुरता असावा. नुसत्या घड्याळावर भरवसा ठेवून चालत नाही, कारण ड्रोन वेळ जीपीएसवरून घेतो आणि ती फसवता येते. त्याऐवजी ड्रोनने प्रत्येक उड्डाणाच्या सुरुवातीला एक यादृच्छिक आकडा तयार करून तो रिमोट आयडीसोबत प्रसारित करायचा. ताब्याच्या आदेशात तो आकडा सहीसकट परत आला, तरच यंत्राने ऐकायचं. काल पकडून ठेवलेला आदेश आज चालणार नाही, या ड्रोनचा आदेश शेजारच्या ड्रोनला लागू होणार नाही. तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टी इथे खऱ्या अर्थाने एकमेकांना भेटतात. ज्याची ओळख नीट वाचता येत नाही, त्याचा ताबा सुरक्षितपणे घेताच येत नाही.

यानंतरचा प्रश्न: आदेश म्हणजे काय? लोकांच्या डोळ्यांसमोर चित्र असतं की पोलीस हवालदाराच्या हातात दुसरा रिमोट येतो आणि तो ड्रोन अलगद उतरवतो. तसं कधीही करू नका. त्याला ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं दिसत नाही, वाऱ्याचा अंदाज नाही, मधली वीजवाहिनी माहीत नाही, बॅटरी किती उरली ठाऊक नाही. मी रिमोटच्या कांड्या कोणाच्याच हातात देणार नाही. द्यायच्या तर मोजक्या आज्ञा: जिथे आहेस तिथे थांब, या परिसराबाहेर जा, आलास त्या वाटेने परत फिर. कसं जायचं हे यंत्राच्या आतल्या नियंत्रकानेच ठरवावं, कारण त्याच्याकडे संवेदक आहेत. ‘आहेस तिथेच उतर’ ही आज्ञा मी सगळ्यात शेवटी ठेवेन आणि तीही खाली मोकळी जागा असल्याची खात्री आदेश देणाऱ्याने नोंदवल्यावरच.

‘मोटारी बंद कर’ अशी आज्ञा तर नकोच. एका ग्राहकाने आमच्याकडे नेमकी हीच मागणी केली होती: एक लाल बटण, दाबलं की पंखे बंद. मी म्हटलं, जरूर देऊ, पहिली चाचणी तुमच्या गाडीवर घेऊ. विषय तिथेच संपला. हिशोब साधा आहे. एक किलोचा ड्रोन ५० मीटरवरून पडला, तर त्याची स्थितिज ऊर्जा सुमारे ४९० ज्यूल. हवेच्या विरोधात काही जाईल, तरी युरोपात माणसांजवळ उडवायच्या सी-१ वर्गासाठी धडकेच्या ऊर्जेची जी ८० ज्यूलची मर्यादा आहे, तिच्या ती कितीतरी पट राहते. गर्दीवर घिरट्या घालणारा ड्रोन धोकादायक असतो. तो गर्दीवरच पाडणं त्याहून धोकादायक.

आज्ञा देण्याआधी एक पायरी घालायची आणि ती माझ्या मते सगळ्यात मोलाची आहे: आधी पायलटच्या पडद्यावर सूचना. ‘तुम्ही बंद परिसरात आहात, पंधरा सेकंदांत बाहेर पडायला सुरुवात करा, नाहीतर यंत्र स्वतः परत फिरेल.’ पंधरा हा आकडा दगडावरची रेघ नाही. वेगवान ड्रोन सेकंदाला १५ मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर मिनिटाहून थोड्याच जास्त वेळात. धावपट्टीच्या तोंडाशी तुम्ही कमी वेळ द्याल, मैदानावरच्या सभेपाशी थोडा जास्त. पण सूचना हवीच, कारण मी पाहिलेल्या नियमभंगांतले बहुतेक अज्ञानाचे किंवा निष्काळजीपणाचे होते. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात कॅनडाहून आलेल्या आग विझवणाऱ्या विमानाच्या पंखाला एक छोटा ड्रोन धडकला आणि ऐन गरजेच्या वेळी ते विमान जमिनीवर राहिलं. उडवणारा काही घातपाती नव्हता. त्याने नुकसान बघायला ड्रोन दूरवर पाठवला आणि तो नजरेआड गेला. अशा माणसाला पडद्यावरची एक कडक सूचना पुरते. सुंठीवाचून खोकला जातो.

हे सगळं झालं की नोंद. कोणी, कधी, कोणत्या कारणासाठी आदेश दिला, हे ड्रोनमध्येही आणि आदेश देणाऱ्या यंत्रातही कोरलं गेलं पाहिजे, आणि पायलटला त्याची प्रत मिळाली पाहिजे. ताबा घेतल्यानंतर अपघात झाला तर जबाबदार कोण, हे कायद्याने आधी ठरवायला हवं. मी तांत्रिक माणूस आहे, पण असं उत्तर नसलेल्या यंत्रणेत काम करायला कोणताही समजूतदार पोलीस अधिकारी तयार होणार नाही, एवढं मला कळतं.

जिओ-फेन्सिंगमुळे हे सगळं टळणार नाही का, असं तुम्ही विचाराल. म्हणजे ड्रोननेच नकाशा पाहून विमानतळाच्या हद्दीत शिरायला नकार द्यायचा. स्थिर ठिकाणांसाठी हे छान आहे, आणि ताब्यापेक्षा कितीतरी कमी धोक्याचं, कारण कोणालाही बाहेरून आत शिरावं लागत नाही. पण नकाशा जुना असतो, आणि जिथे परवानगी आहे तिथेही यंत्र अडून बसतं. आगीच्या ठिकाणी अग्निशमन दलाचाच ड्रोन उठत नाही, अशा तक्रारी या क्षेत्रात नेहमीच्या. डीजेआयने आधी युरोपात आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत आपले सक्तीचे निर्बंध काढून त्या जागी इशारे आणले. निर्णय पायलटवर सोडला. मला तो बदल अर्धाच पटतो. विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकाशी तरी कुलूप असायला हरकत नव्हती.

आता तो माणूस, ज्याच्यासाठी तुम्ही हे सगळं विचारलंत: मुद्दाम वाईट करणारा. ओळख आणि ताबा दोन्ही ड्रोनच्या आत राहतात, आणि ड्रोनचं सॉफ्टवेअर बदलता येतं. आर्डूपायलट, पीएक्स-४, बीटाफ्लाइट ही उड्डाणप्रणाली खुली आहे, सुटे भाग घेऊन घरी ड्रोन जोडता येतो, आणि तसा ड्रोन स्वतःहून आपली ओळख सांगणार नाही. यंत्राला पुढच्या टप्प्यांची यादी देऊन सोडलं, तर त्याला रिमोटचा दुवाच लागत नाही. युक्रेनच्या युद्धात तर ऑप्टिकल फायबरची तार मागे सोडत जाणारे ड्रोन वापरात आले. त्यांच्यात पकडायला, दाबायला किंवा ताब्यात घ्यायला रेडिओ लहरच नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या बातमीने सुमारे हजार उड्डाणं विस्कळीत झाली आणि सुमारे १ लाख ४० हजार प्रवासी अडकले. ते कोणी केलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवशी जगातल्या प्रत्येक नव्या ड्रोनमध्ये रिमोट आयडी असता, तरी आयडी बंद केलेला एक ड्रोन पुरेसा होता.

म्हणून तिथे बाहेरून काम करणारी साधनं लागतात: रडार, रेडिओ लहरींचा वेध, कॅमेरे, आणि अगदी मोजक्या ठिकाणी जॅमर (रेडिओ लहरी दाबणारं यंत्र) किंवा जाळं. काही यंत्रणा विशिष्ट ड्रोनच्या संदेशपद्धतीतल्या फटीतून शिरून ताबा घेतात. त्या सफाईने काम करतात, पण ज्या ड्रोनची पद्धत त्यांना माहीत आहे त्याच्यावरच. उत्पादकाने फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, बदललं की पुन्हा अभ्यास. जॅमर बहुतेक देशांत खाजगी माणसाला बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे. जॅमरने दुवा तोडला की ड्रोन त्याच्यात आधीच ठरवलेलं फेलसेफ करतो: परत जातो, जागीच उतरतो किंवा घिरट्या घालतो. तो काय करेल हे जॅमर चालवणाऱ्याला माहीत नसतं. शिवाय जीपीएसही दाबलं, तर ड्रोन वाऱ्यावर वाहत जातो. आगीतून फुफाट्यात.

मग ओळख सक्तीची करून काय मिळालं, चोर सोडून संन्याशाला फाशी? नाही, आणि हा मुद्दा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. बहुतेक सगळे ड्रोन आपली ओळख सांगू लागले, की न सांगणारा उठून दिसतो. रडारवर ठिपका आहे आणि त्या जागेवरून कुठलाही रिमोट आयडी येत नाही, एवढ्यावर पहारा देणाऱ्याला कळतं की लक्ष कुठे द्यायचं. आज त्याला लग्नाचं चित्रीकरण करणारा ड्रोन आणि तुरुंगात माल टाकणारा ड्रोन सारखेच दिसतात. सगळी माणसं त्या पन्नास निरुपद्रवी ठिपक्यांमागे धावतात. ओळखीचा खरा उपयोग हा गाळणीचा आहे. आणि त्यासाठी संदेशावर सही हवी, नाहीतर बोगस ओळखींच्या धुक्यात खरा ठिपका लपवणं सोपं.

२५० ग्रॅमच्या सुटीबद्दल. ती मर्यादा आली धडकेच्या हिशोबातून: हलकं यंत्र पडलं तर इजा कमी. त्या कामापुरती ती बरोबर आहे. पण खिडकीत डोकावणाऱ्या कॅमेऱ्याला वजनाशी काही देणंघेणं नाही. आजचे हलके ड्रोन पूर्वीच्या जड ड्रोनपेक्षा लांब जातात आणि चांगलं चित्रण करतात. माझं मत असं की कॅमेरा आणि जीपीएस दोन्ही असलेल्या कोणत्याही ड्रोनने ओळख प्रसारित करावी. त्यातल्या बहुतेकांत वाय-फायची चिप आधीपासून असते, म्हणजे वजन वाढत नाही, फर्मवेअरमध्ये सोय करायची एवढंच. घराच्या आत उडवायच्या खेळण्यांना यातून वगळा. आणि ताब्याच्या आदेशाची सोय या हलक्या ड्रोनवर अजिबात लादू नका. तिथे धोका छोटा आणि यंत्रणा मोठी होईल.

तुमच्याकडे स्वतःचा ड्रोन आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक कामाची गोष्ट. रिमोट आयडी चालू आहे का ते दुसऱ्या मोबाइलवरून एकदा वाचून पाहा, स्वतःच्या अ‍ॅपमधल्या हिरव्या खुणेवर विसंबू नका. आणि प्रत्येक नव्या जागी उड्डाणाआधी परतीची उंची बदला. आर्डूपायलटच्या मल्टिकॉप्टरमध्ये ती मुळात १५ मीटर असते. मोकळ्या मैदानात ती पुरते. पण नारळाची झाडं, मोबाइलचा टॉवर किंवा चार मजली इमारत मध्ये असेल, तर दुवा तुटो, बॅटरी संपत येवो की उद्या कोणी परत फिरण्याचा आदेश देवो, आधीच त्याहून वर नसलेलं यंत्र त्याच उंचीवरून सरळ रेषेत घरी निघेल.